सिसिलीत काय खावे, कुठे खावे आणि कोणत्या वेळी खावे

तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन आठ दिवसांसाठी सिसिलीला निघाला आहात. कातानियाला उतरून पालेर्मोहून परतणार आहात. वडील मासे खातात पण मांस खात नाहीत, आई पूर्ण शाकाहारी असून त्यांना अंडेही चालत नाही, आणि कुठे जेवावे व काय खाल्ल्याशिवाय परतू नये, असे तुम्ही विचारले आहे. गेली बारा वर्षे मी मराठी प्रवाशांचे लहान गट या बेटावर नेते आहे आणि त्यांच्या जेवणाची सारी व्यवस्था स्वतः पाहते, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबेल.

पहिल्या एकदोन सहलींत मी उत्तम उपाहारगृहांची यादी जवळ ठेवत असे. आता ठेवत नाही, कारण सिसिलीतला पदार्थ गावाशी, हंगामाशी आणि दिवसाच्या वेळेशी बांधलेला असतो. एकाच पदार्थाचे दोन शहरांत नाव बदलते, आकार बदलतो, कधी आतले सारणही बदलते. त्रापानीत घरोघरी रांधला जाणारा कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक मणी, कातानियात शोधत बसलात तर पर्यटकांसाठी केलेले काहीतरी ताटात येईल. ग्रानिता, म्हणजे बर्फाळ गोड पदार्थ, ही सकाळची न्याहारी आहे, आणि पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, ही कढईतून निघाल्यावर पाच मिनिटांत खायची वस्तू आहे. तेव्हा दुकान कोणते याआधी आपण कोणत्या गावात आहोत आणि घड्याळात किती वाजले आहेत, हे पाहावे.

आधी आईंच्या जेवणाविषयी लिहिते, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. सिसिलीच्या सामान्य माणसाचे जेवण पिढ्यानपिढ्या भाज्या, कडधान्ये, पाव आणि पास्ता यांवर चालत आले आहे, त्यामुळे शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही. मात्र जे शाकाहारी दिसते ते तसे असेलच याची खात्री नसते. कान्नोली ही गोड सारण भरलेली नळीसारखी मिठाई, आणि तिची कुरकुरीत नळी बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी घालून मळलेल्या पिठाची असते आणि कित्येकदा त्याच चरबीत तळलेली असते. या चरबीला स्त्रुत्तो म्हणतात. हा शब्द पाठ करा आणि बेकरीत, मिठाईच्या दुकानात ‘चे स्त्रुत्तो?’ म्हणजे ‘यात चरबी आहे का?’ असे थेट विचारा. विचारल्याचा कोणी राग मानत नाही, उलट मालक आत जाऊन कारागिराला विचारून येतो. स्फिंचोने हा कांदा-टोमॅटोचा जाड, मऊ पाव साधा वाटतो, पण त्यात अँचोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला खारवलेला बारीक मासा, जवळजवळ नेहमी असतो. आरांचिनो म्हणजे सारण भरून तळलेला भाताचा गोळा. ‘अल बुर्रो’ म्हणजे लोण्याचा आरांचिनो म्हटल्यावर आपण निर्धास्त होतो, पण त्याच्या आत चीजबरोबर हॅमचा तुकडा असतो. मोदिकात ‘म्पानातीग्गी’ नावाची चॉकलेटची करंजी मिळते. ती दिसायला अगदी आपल्या करंजीसारखी असते, आणि तिच्या सारणात बदाम व चॉकलेटबरोबर गोमांसाचा खिमा असतो. ही करंजी मी गटातल्या कोणाच्याही हातात न सांगता पडू देत नाही.

चीजचा प्रश्न मात्र तुम्ही घरूनच ठरवून निघावा. तिथली पारंपरिक चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विरजणाने, ज्याला काल्यो म्हणतात त्याने, साकळवलेली असतात. रिकोत्ता हा मऊ, पनीरसारखा पदार्थ त्या चीजच्या निवळीपासूनच करतात, म्हणून काटेकोर पाहणाऱ्याला तोही चालणार नाही. आईंना हे चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असे सांगावे. सिसिलीत चीजऐवजी तेलात खरपूस परतलेला पावाचा चुरा पास्त्यावर भुरभुरण्याची जुनी रीत आहे, त्याला ‘मुद्दिका’ म्हणतात, आणि ती खरोखर चवदार लागते. पास्त्याबाबत एक दिलासा असा की तिथला नेहमीचा पास्ता बन्सी गव्हासारख्या कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो. मेनूवर ‘आल्लुओवो’ असे लिहिले असेल तरच त्यात अंडे असते.

आता वेळांचे आणि बिलाचे थोडक्यात. दुपारचे जेवण एक ते तीन, रात्रीचे आठच्या पुढे. मधल्या वेळात त्रात्तोरियांचे, म्हणजे साध्या घरगुती खाणावळींचे, स्वयंपाकघर बंद असते आणि सायंकाळी साडेसहाला जेवायला बसवणारे ठिकाण बहुधा परदेशी प्रवाशांसाठीच चालवलेले असते. आईवडिलांना औषधांमुळे लवकर जेवावे लागत असेल तर दुपारचे जेवण मुख्य ठेवावे आणि संध्याकाळी ‘तावोला काल्दा’ किंवा ‘रोस्तिच्चेरिया’ अशी पाटी असलेल्या दुकानातून गरम खाणे घ्यावे. बिलात ‘कोपेर्तो’ नावाने माणशी दोनतीन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे, ती तिथली रीत आहे. ताज्या माशाचा भाव मात्र नीट वाचा. तो बहुधा ‘एत्तो’चा, म्हणजे शंभर ग्रॅमचा असतो. आमच्या गटातील एका काकांनी एका किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात ७ युरो वाचून अख्खा मासा मागवला. मासा ९०० ग्रॅमचा निघाला आणि बिल ६३ युरो झाले. तेव्हापासून मी मासा भाजायला जाण्यापूर्वी वजन करून रक्कम सांगायला लावते. वडिलांसाठी तुम्हीही तसेच करा. मेनूत पदार्थाच्या नावापुढे तारांकन असेल तर तो मासा गोठवलेला आहे असे समजावे.

कातानियात पहिली सकाळ ग्रानिताने सुरू करा. बारीक, ओलसर बर्फाळ पोत, त्यात बदाम, लिंबू, पिस्ता किंवा तुती, आणि बरोबर डोक्यावर लहान गोळा असलेली ब्रिओश, म्हणजे मऊ गोडसर पाव, ती मोडून बुडवून खायची. बदामाची आणि लिंबाची ग्रानिता केवळ पाणी, साखर आणि त्या फळाची असते, दूध-अंडे नसते, त्यामुळे आईंना ती निःशंक देता येईल. ब्रिओशमध्ये मात्र अंडे असते. एट्ना पर्वतावरचा हिवाळ्यातला बर्फ खड्ड्यांत दाबून साठवायचा आणि उन्हाळ्यात खाली शहरात आणायचा, या जुन्या व्यवहारातून ही वस्तू आली आहे. ऑक्टोबरअखेर सर्वत्र मिळेलच असे नाही, पण ऊन असेल तर मोठ्या रस्त्यांवरच्या दुकानांत असते. व्हिया एत्नेआ या रस्त्यावरचे १८९७ पासूनचे साव्हिया हे दुकान त्यासाठी योग्य आहे, आणि आरांचिनीसाठीही. इथला आरांचिनो शंकूसारखा टोकदार आणि नावाने पुल्लिंगी, पालेर्मोतली आरांचिना गोल आणि स्त्रीलिंगी, आणि यावरून दोन्ही शहरांचे लोक अगदी मनापासून भांडतात. आईंसाठी वांग्याचा, म्हणजे ‘आल्ला नोर्मा’, मागावा, पण भात मांसाच्या रश्श्यात शिजवलेला नाही ना, हे विचारून.

नोर्मा हेच कातानियाच्या पास्त्याचेही नाव. तळलेली वांगी, टोमॅटोचा रस, तुळशीच्या कुळातले बेसिल आणि वरून किसलेला खारा, सुकवलेला रिकोत्ता. कातानियात जन्मलेल्या व्हिन्चेन्झो बेल्लिनीच्या १८३१ सालच्या ‘नोर्मा’ या ऑपेरावरून ते आले आहे. बेल्लिनीची समाधी ज्या कॅथेड्रलमध्ये आहे, त्याच चौकाच्या कोपऱ्यात, आमेनानोच्या कारंज्यामागे उतरले की मासळी बाजार लागतो. वडिलांना तिथे सकाळी नऊच्या सुमारास न्या. तलवार मासा, कुपा, तारल्या, ऑक्टोपस आणि लालभडक कोळंबी काळ्या दगडी फरशीवर मांडलेली असते आणि फरशीवरून सतत पाणी वाहत असते. बाजाराला लागूनच असलेल्या एखाद्या त्रात्तोरियात दुपारी जेवावे आणि सकाळी बाजारात जे पाहिले तेच मागावे. तारल्यांचे ‘बेक्काफीको’, म्हणजे पोट उघडून त्यात पावाचा चुरा, मनुका आणि चिलगोज्यासारख्या बिया भरून भाजलेल्या तारल्या, कोकणी जिभेला फार लवकर रुचतात. याच शहरात घोड्याचे मांस भाजून विकणारे स्टॉल आहेत. ‘काव्हाल्लो’ हा शब्द दिसला की पुढे जावे.

कातानियाच्या चौकांतल्या जुन्या टपऱ्यांवर ‘सेल्ट्स, लिमोने ए साले’ मिळते. ताज्या लिंबाचा रस, मीठ आणि फसफसता सोडा, म्हणजे आपला खारा लिंबू सोडाच. दिवसभर फिरून दमलेल्या आईवडिलांना तो हातात मिळाला की त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे जे समाधान दिसते, ते मी दरवर्षी पाहते.

सिराकुसाला एक दिवस पुरेल. ओर्तिजिया बेटाच्या टोकाशी सकाळचा बाजार भरतो, तिथे केपर्स (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या), वाळवलेले टोमॅटो आणि जंगली ओरेगानो घ्यावे. दुपारी ‘पाने कुन्झातो’, म्हणजे तेल, टोमॅटो, ओरेगानो लावलेला गरम पाव, अँचोव्ही वगळून मागावा. इथे तुम्हाला फळवाल्यांकडे सोललेली फड्या निवडुंगाची बोंडे दिसतील. आपल्याकडे दुष्काळी माळावर वाढणारे हे झुडूप तिथे शेतात लावतात, आणि जूनमध्ये पहिली फुले मुद्दाम पाडून उशिरा आणलेली मोठी बोंडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येतात. ती तुमच्या हंगामाची खास वस्तू आहे. बिया गिळायच्या, चावायच्या नाहीत.

मोदिका आणि रागुसाला जाणार असाल तर रागुसातली ‘स्काच्चा’ ही दुपारी उभ्याउभ्या खाण्याची उत्तम सोय. पातळ लाटलेल्या पिठावर टोमॅटो आणि काचोकाव्हाल्लो चीज पसरून पाचसहा घड्या घालून भाजतात. वांग्याची आणि कांद्याचीही मिळते, चरबीचे तेवढे विचारावे. मोदिकाचे चॉकलेट मात्र आईंसाठी सर्वांत निर्धोक गोड आहे. कोको आणि साखर जेमतेम चाळीस अंशांच्या आसपास एकत्र केली जाते, साखर विरघळत नाही, म्हणून दाताखाली कण कुरकुरतात. दूध नाही, अंडे नाही. वेलदोडा, दालचिनी, मिरचीचे स्वाद असतात. २०१८ साली त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले. १८८० पासूनच्या बोनायुतोच्या दुकानात सगळे प्रकार चाखायला ठेवलेले असतात, तिथे चाखून मगच पाकिटे घ्या.

पालेर्मोला मी तीन दिवस द्यायला सांगेन, आणि त्यांतले किमान दोन सकाळचे तास बाल्लारोच्या बाजारात घालवा. कापो आणि व्हुच्चिरिया हे दुसरे दोन बाजार आहेत. त्यांपैकी व्हुच्चिरियाचा दिवसाचा बाजार आता बराच ओसरला आहे, तो रात्री मद्य आणि भाजलेल्या मांसासाठी जागा होतो, त्यामुळे आईवडिलांसह तिथे जाण्याची गरज नाही. बाल्लारोत फ्रिज्जितोरिया, म्हणजे तळणाचे दुकान, शोधा आणि पानेल्ले होताना उभे राहून पाहा. हरभऱ्याचे पीठ तिप्पट पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवतात, मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहतात, आणि पीठ कडा सोडू लागले की बारीक चिरलेली पार्सली टाकून ते गरम असतानाच पातळ पसरतात. गार झाल्यावर वड्या पाडून कढईत सोडतात. आमच्या गटातील प्रत्येक बाई या टप्प्यावर एकच वाक्य बोलते: अहो, ही तर पाटवडी! फोडणी नाही, हिंग-मिरची नाही, पण हात तोच, घोटण्याची लयही तीच. तीळ लावलेल्या पावात चारपाच पानेल्ले भरून वर लिंबू पिळून देतात, तीन युरोच्या आसपास. सोबत बटाट्याचे ‘क्रोक्के’ घ्या. त्याच कढईत मासे तळले जात नाहीत ना, हे मात्र आईंसाठी विचारले पाहिजे, आणि गर्दी नसताना आधीच तळून ठेवलेले पानेल्ले देऊ लागले तर नवा घाणा पडेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवा.

पालेर्मोचा दुसरा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘पानी का मेउसा’. त्यात वासराची प्लीहा आणि फुफ्फुस असते, म्हणून तो तुमच्यासाठी नाही. १८३४ पासूनच्या आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रांचेस्कोत तो मिळतो, पण तिथे पानेल्ले आणि कापोनाताही मिळतात, त्यामुळे बसून खाण्यासाठी ही जागा सोयीची आहे. कापोनाता आईंनी रोज खाल्ली तरी चालेल. तळलेली वांगी, सेलरी, कांदा, ऑलिव्ह, केपर्स, आणि शेवटी साखर व व्हिनेगर. आंबटगोड चव आपल्या पंचामृताच्या जवळची आहे. ती गरम मागू नका, मुरून गार झाल्यावरच ती लागते तशी लागते. वडिलांसाठी ‘पास्ता कोन ले सार्दे’: तारल्या, जंगली बडीशेपेचा पाला, मनुका, केशर. ताजा पाला हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात निघतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये साठवलेला वापरतात, तरीही हा पदार्थ पालेर्मोतच खावा. मासा, मनुका आणि केशर एका ताटात पाहून वडील बिचकतील. आधी अर्धी थाळी मागवून द्या.

पालेर्मोतून एक दिवस काढून त्रापानीला जा, अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. ट्युनिशियाचा किनारा बेटाच्या नैर्ऋत्य कडेपासून दीडशे किलोमीटरही नाही, आणि ते शेजारपण त्रापानीच्या ताटात कुसकुसच्या रूपाने दिसते. एका घरगुती स्वयंपाकवर्गात मी तो करायला शिकले. ‘माफाराद्दा’ नावाच्या पसरट मातीच्या परातीत रवा घेऊन, बोटांनी पाण्याचे शिंतोडे देत, पंजा गोलगोल फिरवत राहायचे, म्हणजे रव्याचे बारीक मणी होतात. मग मातीच्या चाळणीच्या भांड्यात ते वाफवायचे, आणि खालचे भांडे व वरची चाळणी यांमधली फट कणकेच्या वळीने लिंपून टाकायची, जशी आपण दम देताना लिंपतो. तासदीड तासाने माशांचा रस्सा ओतून, भांडे लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून ठेवायचे. हे सारे करायला अर्धा दिवस लागतो, म्हणून चांगल्या त्रात्तोरियांत कुसकुस आदल्या दिवशी सांगून ठेवलेला बरा. वडिलांसाठी नक्की सांगा. आईंसाठी भाज्यांचा कुसकुस मागितला तर तो माशांच्याच रश्श्याने भिजवलेला येऊ शकतो, म्हणून त्यांना इथे ‘बुझियाते’ द्या. हा पिळदार पास्ता त्रापानीच्या चटणीत घोळलेला असतो, आणि ती चटणी म्हणजे कच्चे टोमॅटो, बदाम, लसूण आणि बेसिल दगडी खलात कुटलेले. आमच्या गटात या एका थाळीवरून शाकाहारी आणि मासेखाऊ दोघेही समाधानी उठतात. त्रापानीहून मार्सालाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिठागरे आणि पवनचक्क्या आहेत, तिथले जाड मीठ वजनाला झेपेल तेवढे घ्या.

कान्नोली मी मुद्दाम शेवटी ठेवली. मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता पाऊस पडून गवत आल्यावर, थंडीकडे चांगला होऊ लागतो, म्हणजे तुम्ही ठीक वेळी जात आहात. एकच कसोटी लावा: काचेच्या कपाटात भरून ठेवलेली कान्नोली घेऊ नका. मागितल्यावर रिकामी नळी काढून समोर भरणारे दुकान निवडा, कारण भरल्यापासून अर्ध्या तासात नळी नरमते. स्त्रुत्तोमुळे आईंना नळी चालणार नसेल, तर नुसता गोड रिकोत्ता वाटीत मागा. दुकानदार देतात.

आणि आईंनी हिरमुसू नये म्हणून हेही सांगते. २ नोव्हेंबरला तिथे पितरांचा दिवस असतो, आणि त्यासाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच पालेर्मोच्या मिठाईच्या दुकानांत ‘फ्रुत्ता मार्तोराना’ रचलेली असते. बदामाचे पीठ आणि साखर यांची संत्री, अंजिरे, डाळिंबे, निवडुंगाची बोंडेसुद्धा, हाताने रंगवलेली, सालीवरच्या डागांसकट. पूर्वी शहरातल्या मार्तोराना मठातल्या जोगिणी ती करीत, म्हणून हे नाव. ती आठवडाभर सहज टिकते. परतीच्या आदल्या संध्याकाळी आईंनाच दुकानात पुढे करून एकेक फळ निवडू द्या, आणि खोका हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात दबला तर फळे चिरतात.